गुडघा दाखवायला आलेले अण्णा

सहा आठवडे झाले. त्या सकाळी आमच्या कॉलनीत पाणी आलं होतं. सोलापुरात पाण्याच्या दिवशी माणसाने दुसरं काही ठरवायचं नसतं. मी मोटर लावून, गच्चीवरच्या टाकीकडे कान देऊन बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अण्णांचा, पण आवाज पारूवहिनींचा. वहिनी आपणहून कधी फोन करत नाहीत. अण्णांनी लावून हातात दिला तर दोन शब्द बोलतात. "दाजी, तुमचं अण्णा गेलं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसता मेंढरांचा आवाज येत राहिला... मी विचारलं, कधी? "आत्ताच की. शेळीचं दूध काडाया बसलं हुतं. बसल्या जागीच." टाकी भरून पाणी अंगणात पडायला लागलं, शेजारून दोन-तीन हाका आल्या, तरी माझ्याने उठवेना.

अण्णा म्हणजे मायाप्पा. माझ्या बायकोचे, कमलचे, थोरले भाऊ; पारूवहिनी त्यांची बायको. मैंदर्गीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि मेंढरांशी बोलताना दोन्ही मिळून जे काही होईल ते. शाळेत गेले नाहीत. वय नक्की किती ते त्यांनाही माहीत नव्हतं. कमल म्हणायची, माझ्यापेक्षा अण्णा दहा-बारा वर्षांनी मोठा. उंच, वाळक्या अंगाचे, बोलणं कमी. मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होतो. खरं म्हणजे आमचंही मूळ तेच, मेंढपाळाचं. माझ्या वडिलांनी कळप विकला आणि ते सोलापूरच्या गिरणीत लागले. पण हे मी शाळेत कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर 'गावाकडे शेती होती' म्हणून विषय बदलत असे.

या लपवालपवीतूनच एक गोष्ट घडली. वीसेक वर्षांपूर्वी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत आम्ही हे रो-हाऊस घेतलं. वास्तुशांतीला शाळेतली सगळी मंडळी आली होती, संस्थेचे एक पदाधिकारीही होते. हॉलमध्ये नव्या सोफ्यावर ते बसलेले, मी त्यांच्या पुढेपुढे करत होतो, आणि दारातून अण्णा आत आले. पहिल्या एसटीने निघून आले होते. खांद्यावर पारूवहिनींनी कातलेल्या लोकरीचं नवं घोंगडं, हातात तुपाचा डबा, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ. घोंगड्याचा वास हॉलभर झाला. पदाधिकाऱ्यांनी विचारलं, "हे कोण, सर?" आणि मी म्हणालो, "गावाकडचा माणूस आहे. आमची मेंढरं राखतो." अण्णा हात जोडून देवापुढे वाकले होते. त्यांचे जोडलेले हात क्षणभर तसेच राहिले, त्यावरून मला कळलं की त्यांनी ऐकलं आहे. मग ते उठले, डबा आणि घोंगडं स्वयंपाकघरात कमलकडे दिलं, शेवटच्या पंगतीला जेवले आणि संध्याकाळच्या बसने गेले.

त्यानंतर ते आमच्या घरी कधी मुक्कामाला राहिले नाहीत. सोलापूरच्या बाजाराला आले की फाटकाशी यायचे, कमलच्या हातात खरवस, हुरडा, तूप काय असेल ते द्यायचे आणि निघायचे. "मेंढरं एकटी हायती," हे त्यांचं ठरलेलं कारण. कमल भांडायची. "माझ्या घरात एक दिवस राहवत नाही का तुला?" म्हणायची. मला म्हणायची, "अण्णाचं काय बिनसलंय काही कळत नाही बघा." मी पेपरमध्ये डोकं घालायचो. तिने ते वाक्य ऐकलं नव्हतं, अण्णांनी तिला सांगितलं की नाही हे मला कळत नव्हतं, आणि विचारण्याची सोय नव्हती.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला त्या वर्षी कमलने कुत्री आणली. मागच्या गल्लीत एकांकडे पॉमेरियन व्यायली होती, त्यातलं एक पांढरं, मूठभर पिल्लू. कमलने तिचं नाव ठेवलं रेवडी. स्वयंपाक चालू असला की रेवडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, कमल टीव्ही पाहायला आली की तिच्या पायावर. माझं आणि तिचं फारसं काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी कमल आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली. रेवडी तेव्हा अकरा वर्षांची होती. घरात आम्ही दोघंच उरलो, ज्यांचा एकमेकांशी कधी थेट संबंध आला नव्हता. मी ताटलीत घालायचो, ती खायची आणि उंबऱ्याकडे तोंड करून बसायची.

पुढच्या दोन वर्षांत ती झपाट्याने म्हातारी झाली. डोळ्यांत पांढरट पडदा आला, ती टेबलाच्या पायांना धडकायला लागली. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकले की तिला उठता येत नसे. पोटावर पडून ती तशीच थांबायची, कुणी उचलेपर्यंत. घरात कुठेही लघवी व्हायची. तोंडाला वास यायचा. दुपारी एखाद्या कोपऱ्याकडे बघून उगाचच कण्हायची. मी स्वच्छतेच्या बाबतीत जरा कडक माणूस. आधी मुकाट्याने फिनेल टाकून पुसलं, मग चिडचिड करत पुसलं, आणि मग तिला मागच्या अंगणात, मोरीजवळ बांधायला लागलो. मे महिन्यातल्या एका दुपारी बँकेत पेन्शनच्या कामासाठी गेलो होतो. यायला उशीर झाला. सकाळी जिथे सावली होती तिथे ऊन आलं होतं आणि ती तापलेल्या शहाबादीवर जीभ बाहेर टाकून पडली होती. मी तिला उचलून आत आणली, ओलं फडकं अंगावर टाकलं, तासाभराने ती पाणी प्यायली. त्या दिवशी मी फार घाबरलो, आणि घाबरून जो निर्णय घेतला तो असा की, हे आता आपल्या दोघांनाही झेपत नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "सर, वय झालंय तिचं. तुम्हाला जमत नसेल तर एक इंजेक्शन असतं, तिला कळणारही नाही." मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, तुम्हीच ठरवा." सोमवार ठरला.

कमल गेल्यापासून अण्णांचा आठ-पंधरा दिवसांनी फोन यायचा. मी कसा आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. "रेवडी कशी हाय?" एवढंच विचारायचे, मी "बरी आहे" म्हणायचो, ते "बरं" म्हणून ठेवून द्यायचे. बहिणीच्या घरातलं तिचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं त्यांच्या लेखी. शनिवारी तोच फोन आला. मी मोरीजवळच्या उन्हाचं आणि सोमवारचं सांगितलं.

"खाती का?" त्यांनी विचारलं.

"खाते थोडंफार."

"फाटक वाजलं तर शेपूट हालवती का?"

मी कधी पाहिलं नव्हतं. तसं म्हणालो.

"मग सोमवार ऱ्हाऊ द्या. मी येतो उद्या. माजा गुडगा बी लई धरलाय, तो दाखवायचाय तितं. आठ दिस ऱ्हाईन म्हंतो."

अठरा-वीस वर्षांनी त्यांनी 'राहीन' हा शब्द काढला होता... मी "या" म्हणालो. त्यांना काय हाक मारायची हेही मला ठरवता येत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना काहीच म्हणत आलो नव्हतो.

रविवारी दुपारी आले. पिशवी ठेवली आणि सोफ्याकडे न जाता सरळ पॅसेजमध्ये रेवडी पडली होती तिथे, तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले. हात लावला नाही, हाक मारली नाही. मी चहा आणला, तो निवून त्यावर साय धरली. अर्ध्या तासाने रेवडी आपणहून उठली, घसरत घसरत त्यांच्यापर्यंत गेली आणि त्यांच्या धोतराचा वास घेत राहिली. मग त्यांनी तिच्या ओठाखाली अंगठा घातला, ओठ वर केला आणि म्हणाले, "दाजी, बॅटरी आना." मी उजेड धरला. मागची एक दाढ पूर्ण किडली होती आणि हिरडी लाल, सुजून वर आली होती. "ही म्हातारपनाला रडत न्हाय," ते म्हणाले. "दाताला रडती." तीस वर्षं मी पोरांना निरीक्षण, निष्कर्ष शिकवले. त्या कुत्रीचं तोंड उघडून पाहावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलोच, पण दाढ दाखवायला. डॉक्टर चांगले होते, जरा ओशाळले, दाढ काढली, रक्त तपासलं आणि म्हणाले मूत्रपिंडं कमजोर झाली आहेत, पण आहेत तेवढी सांभाळली तर काही महिने नीट जातील. चौथ्या दिवशी दूधवाल्याने फाटक वाजवलं आणि रेवडीची शेपटी हलली. अण्णा बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आठ दिवसांचे पंधरा झाले. घसरण्याचा बंदोबस्त त्यांनी पहिल्याच आठवड्यात केला. कमलच्या कपाटात सोलापुरी चादरींची चळत होती, मुलाच्या लग्नात आलेल्या, एकदाही न उलगडलेल्या. त्यांनी त्या बाहेर काढल्या. मी म्हणालो, "नव्या आहेत हो त्या." ते म्हणाले, "कुनासाठी ठिवल्यात?" दोघांनी मिळून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून मागच्या दारापर्यंत चादरींची दुहेरी घडी अंथरली, अण्णांनी दाभण आणि सुतळीने टोकं एकमेकांना शिवून टाकली. दोन दिवसांत रेवडीला कळलं की पायाखाली जोवर सूत लागतंय तोवर आपण पडत नाही. दिसत नसताना ती त्या वाटेवरून अंगणात जाऊन लघवी करून यायला लागली. रोज जमायचं असं नाही, पण पाचातून तीनदा जमायचं.

मग त्यांनी पिशवीतून शेळीच्या गळ्यातली एक बारकी घंटी काढली. आंधळी मेंढी शेजारणीच्या घंटीवर कळपात चालते, म्हणाले, हिलाही चालता येईल, तुमच्या पायाला बांधा. मी साफ नाही म्हणालो. "माज्या काय, बांधीन की," ते म्हणाले, "पर मी आज हाय, उद्या न्हाय. हिला तुमचं पाऊल वळकाय पायजे." शेवटी मी ती चपलेच्या पट्ट्याला अडकवली. घरात मी हललो की किणकिण, आणि मागे चार पावलांवर रेवडी. सुरुवातीला मला इतकी लाज वाटायची की बेल वाजली की मी आधी चपला काढायचो.

दिवसाचा एक क्रम लागून गेला. सकाळी अण्णा तिचं अंग ओल्या फडक्याने पुसायचे, पोटाखालून, मांड्यांच्या आतून, आणि पुसताना कानडीत पुटपुटायचे. "बा, रेवडे, बा" म्हणजे ये, आणि "साकु" म्हणजे पुरे, एवढं मला हळूहळू कळायला लागलं. मी दुधी उकडून मऊ भातात कालवायचो, गोळी कुटून बोटभर लोण्यात लपवायचो. आधी लोण्याशिवाय भात दाखवायचा, मग लोणी, म्हणजे ती घाईने गिळते, ही युक्ती मी शोधून काढली होती आणि अण्णांनी ती मान्य केली होती, याचा मला शाळेतल्या कुठल्याही शेऱ्यापेक्षा जास्त आनंद झाला. संध्याकाळी तिला भाजीच्या पाटीत घालून ते मैदानापर्यंत न्यायचे आणि गवतावर ठेवायचे. ती जागच्या जागी उभी राहून वाऱ्याचा वास घ्यायची. दुपारी मी पेपर मोठ्याने वाचायचो. अण्णांना बाजारभाव आणि हवामान ऐकायचं असे, बाकीचं "सोडा पुढं". भाकरी ते करायचे, माझी फुगत नसे. गुडघ्याचा विषय मी तीन-चारदा काढला. चला, आज डॉक्टरकडे जाऊ. "आज नगं, आज तिची नखं काडायची हायती." पुढे मीही विचारायचा थांबलो, कारण विचारलं आणि दाखवून झालं तर ते जातील, अशी मला भीती वाटायला लागली होती.

दिवाळीच्या आधी माझे एक जुने सहकारी, कुलकर्णी सर म्हणू या, अचानक घरी आले. चपला काढायला वेळ मिळाला नाही. घंटी वाजत मी दार उघडलं, मागून रेवडी आली, तिच्या मागून अण्णा घमेलं आणि फडकं घेऊन, कारण नुकतंच तिने हॉलमध्ये केलं होतं. कुलकर्णी सरांनी सगळ्याकडे पाहिलं आणि अण्णांकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"माझे मेहुणे," मी म्हणालो. "मायाप्पा. कमलचे थोरले भाऊ. मेंढपाळ आहेत. माझे वडीलही तेच करायचे."

सर "हो का" म्हणाले, बसले, पेन्शनच्या थकबाकीबद्दल बोलले, चहा पिऊन गेले. त्यांना त्या वाक्यात विशेष काहीच वाटलं नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता अण्णा म्हणाले, "दाजी, येवड्या मोट्यानं कशाला सांगितलं? मास्तर काय भैरं हुतं का?"

मी हसलो नाही. खाली, त्यांच्या शेजारी बसलो. म्हणालो, "अण्णा, वास्तुशांतीला मी जे बोललो होतो..."

"व्हय."

"तुम्ही ऐकलं होतं."

"ऐकलं की. कान हुते मला."

"विसरला नाहीत."

"न्हाय इसरलो." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "पर त्येचं काय लोनचं घालू?"

मग मी ते विचारलं जे इतकी वर्षं विचारायचं होतं. कमलला सांगितलं होतं का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरी उलटली. "तिला सांगून काय करायचं हुतं? तिला तुमच्यासंगं नांदायचं हुतं." मग म्हणाले, "ती लई भांडायची माज्याशी, ऱ्हात न्हाईस म्हून. ऱ्हायाला पायजे हुतं मी. तेवडं चुकलंच माजं." भाकरी फुगली, त्यांनी ती माझ्या ताटात टाकली. चूक माझी आणि ती त्यांच्या नावावर, असं ते जेवण होतं... त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. पण त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदाच अण्णा म्हणालो होतो, हे रात्री अंथरुणात माझ्या लक्षात आलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली, ऊन तापायला लागलं, आणि रेवडीने खाणं सोडलं. आधी भात सोडला, मग लोणी. पाणी खूप प्यायची आणि उलटून टाकायची. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून जायचे. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी तिच्याशेजारी चादरीवर बसून चमच्याने भाताची पेज तिच्या दातांच्या फटीतून घालायचा प्रयत्न करायचो. ती तोंड फिरवायची, मी पुन्हा चमचा न्यायचो. एका सकाळी अण्णांनी माझा हात धरला. "साकु," ते म्हणाले. कुत्रीला नव्हे, मला.

"डॉक्टरला बोलवा, दाजी. ते विंजक्शन द्यायला सांगा."

माझा विश्वास बसेना. ज्यासाठी हा माणूस मेंढरं सोडून आला, तेच तो करायला सांगत होता. मी जरा चिडूनच म्हणालो, "मग तेव्हा का थांबवलंत मला?"

"तवा तुमी कटाळला हुता," अण्णा म्हणाले. "आता ती कटाळली."

मी दिवसभर थांबलो. दूधवाला आला, फाटक वाजलं, तिचा कानसुद्धा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. मला वाटलं होतं अण्णा तिला मांडीवर घेतील. त्यांनी तिला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तिचं वजन किती कमी झालंय ते मला तेव्हा कळलं. अण्णा समोर बसून तिच्या कपाळावर अंगठा फिरवत राहिले, त्यांच्या त्या अर्ध्या कानडीत काहीतरी बोलत राहिले. डॉक्टर म्हणाले, झालं. मला काही जाणवलंच नव्हतं. कमल गेली तेव्हा मी लोकांसमोर रडलो नव्हतो, हेडमास्तर होतो. त्या सकाळी डॉक्टर बॅग बंद करत होते आणि मी लहान मुलासारखा रडलो. अण्णांनी मला रडू दिलं. नंतर म्हणाले, "दोगींचं बी रडून झालं आता." मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या शेजारी त्यांनी स्वतः खड्डा काढला, मला एकच टोपली माती ओढू दिली.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. आठ दिवसांसाठी आलेला माणूस नऊ महिने राहिला होता. एसटी स्टँडवर मी म्हणालो, "गुडघा राहिलाच." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चालतोय." पुढच्या आठवड्यात फोन आला तेव्हा मला उत्सुकता होती, आता हे काय विचारणार. त्यांनी विचारलं, "जेवला का?" मग दर चार दिवसांनी तोच फोन, तोच प्रश्न. मी काय जेवलो ते सविस्तर सांगायचो, भाकरी फुगली की नाही तेही. फोनवर एवढं मी कधी कुणाशी बोललो नव्हतो.

दहाव्याला मी त्यांच्या गावी गेलो. सोयऱ्याच्या नात्याने लग्नाकार्याला चार-दोनदा गेलो होतो, जेवून परत. या वेळी सकाळीच पोचलो. पारूवहिनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून बसल्या. मी म्हणालो, "अण्णांचा गुडघा दाखवायचा राहूनच गेला, वहिनी. मी नेटाने न्यायला हवं होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "गुडगा? त्येंचा गुडगा कवा दुकला? गेल्या सालापतोर डोंगर चडत हुतं की." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हितं म्हनाले, दाजी येकला पडलाय, कुत्र्यावर राग काडतोय. मी जाऊन येतो."

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

विधी आटोपल्यावर पुरुषमंडळी बाहेर लिंबाखाली बसली होती. मला कुणी ओळखत नव्हतं. एका म्हाताऱ्याने शेजारच्याला विचारलं, पाव्हणं कुठलं? "अण्णाचं दाजी. सोलापूरचं." म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "म्हंजी कुत्र्याचं करनारं मास्तर का?" दोन-चार जण वळून बघायला लागले. मग कळलं की अण्णांनी परत आल्यापासून साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं, आमचा दाजी हेडमास्तर हुता, पर म्हाताऱ्या कुत्रीचं हागलं-मुतलं सोताच्या हातानं काडतो, गोळी देन्यात तर लई हुशार. मोरीजवळचं ऊन त्यांनी सांगितलं नव्हतं. सोमवारचंही नाही. मला ते तिथल्या तिथे खोडून काढावंसं वाटलं, सांगावं की असं नव्हतं, सगळं त्यांनी केलं... पण त्या लोकांसमोर अण्णांचा शब्द खोटा पाडायचं धाडस मला झालं नाही.

म्हातारा म्हणाला, "आमचं बी येक हाय. बारा सालाचं. दोन दिस झालं, भाकरीला तोंड लावंना. जरा बगता का?"

"मी डॉक्टर नाही हो."

"ते ठावं हाय. पर बगा की."

त्याच्या घरामागे, मेंढरांच्या कुपाला टेकून एक काळं, हाडं वर आलेलं कुत्रं पडलं होतं. सोबत आलेली माणसं उभी राहिली. मी दहाव्याच्या पांढऱ्या कपड्यांत तसाच खाली लेंड्यांत बसलो. त्याचे दात पडून गेले होते, पण तोंड साफ होतं. पोट मऊ होतं. दुखत कुठेच नव्हतं. ते नुसतं म्हातारं झालं होतं आणि त्याची भाकरी कडक होती. मी म्हणालो, "भाकरी ताकात भिजवून आणा. कुस्करून. आणि खाईपर्यंत कुणीतरी जवळ बसा."

"येवडंच?"

"एवढंच."

म्हातारा आत जाऊन जर्मनच्या थाळीत काला घेऊन आला. कुत्र्याने आधी वास घेतला, मग कडेकडेने चाटायला लागलं. माणसं हळूहळू परत लिंबाखाली गेली. फाट्यावर शेवटची बस लागल्याचा हॉर्न ऐकू आला, कुणीतरी तिकडून मला हाकही मारली. थाळीत अजून निम्मं शिल्लक होतं. मी हात हलवून बस जाऊ द्यायला सांगितलं आणि तिथेच बसून राहिलो.